कोळशाचा काटा आणि हवेचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर डोक्यात घोळत राहिली. चार ओळींत उत्तर देऊन भागणारं नव्हतं, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

ज्यांनी मागचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. शहरातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड उपग्रह आणि हवामानाची मॉडेलं वापरून कसा मोजतात, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर औष्णिक वीज केंद्रात उभी हयात काढलेल्या या गृहस्थांनी लिहिलं : सातशे किलोमीटरवरून जाणारं यंत्र, तेही पंधरा-सोळा दिवसांतून एकदा, तेही ढग नसतील तर. हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे चारशे वीस, त्यात एका-दोनाचा फरक शोधायचा, वारा मॉडेलकडून उसना घ्यायचा, उत्सर्जनाचा अंदाजही मॉडेलला आधीच सांगून ठेवायचा आणि बाहेर पडेल त्या आकड्याला मोजमाप म्हणायचं. आम्ही कोळसा काट्यावर मोजायचो. पेट्रोलची विक्री, विजेची बिलं, सिलिंडर यांची बेरीज करा, झालं काम. शिवाय माणसं श्वास सोडतात, झाडं तो घेतात, त्याचं काय? आणि उद्या हेच रंगीत नकाशे दाखवून श्रीमंत देश आपल्याला दम देणार.

यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. एका ठिकाणी तर तुमचा मुद्दा तुम्ही मांडलात त्याहून जास्त वजनदार आहे, तिथे येईनच. पण शेवटी तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

आधी माझी चूक. ‘उपग्रह शहराचं उत्सर्जन मोजतो’ असं वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे आणि मी ते लेखातून काढलं आहे. उपग्रह मोजतो तो प्रकाश. जुलै २०१४ मध्ये सोडलेला नासाचा ओसीओ-२ दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून परत वर जातो, आणि या जाण्या-येण्यात कार्बन डायऑक्साइडनं काही ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश किती गिळला हे तो पाहतो. शेजारीच ऑक्सिजननं गिळलेला प्रकाशही मोजतो, कारण हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पक्कं ठाऊक असतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या अख्ख्या खांबात सरासरी किती पीपीएम, म्हणजे दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे किती, हे निघतं. इथवर मोजमाप. पीपीएमवरून टनांवर जायचं तर मध्ये वारा लागतो, आणि तुम्ही बोट ठेवलंय ते नेमकं तिथेच.

हा मधला टप्पा कागदावर मांडून बघू. एक चौरस मीटर जमिनीवर साधारण दहा टन हवा असते. त्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम साडेसहा किलो, आणि त्यातला एक पीपीएम म्हणजे अवघे सोळा ग्रॅम. आता समजा एक शहर वर्षाला दोन कोटी टन सोडतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ६३० किलो. शहराची रुंदी वीस किलोमीटर आणि वारा सेकंदाला दोन मीटर धरला, तर दर सेकंदाला शहरावरून ४०,००० चौरस मीटरवरची हवा पुढे सरकते आणि हे ६३० किलो तिच्यात वाटले जातात. चौरस मीटरमागे येतात सोळा ग्रॅम. म्हणजे शहर ओलांडून पलीकडे गेलेल्या हवेत फरक पडला एका पीपीएमचा. वारा दोनाचा चार झाला, की तोच फरक अर्धा पीपीएम. शहरानं काहीही कमी केलेलं नाही, तरी उपग्रहाला निम्मं दिसणार. म्हणून वारा नीट माहीत नसेल तर नुसत्या पीपीएमच्या नकाशावरून शहराबद्दल काही बोलू नये. अशा नकाशांवर तुमचा राग आहे, आणि तो मला मान्य आहे. बातम्यांमध्ये लालभडक ठिपका दाखवून ‘हे बघा प्रदूषण’ म्हणतात तेव्हा मलाही त्रास होतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. २००९ साली जपाननं ‘इबुकी’ नावाचा उपग्रह सोडला. इबुकी म्हणजे श्वास. त्याच्या नोंदी वापरून एरिक कोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लॉस एंजेलिस आणि मुंबई या दोन शहरांवर अभ्यास प्रसिद्ध केला. शहरावरची हवा आणि आसपासच्या ग्रामीण भागावरची हवा यांतला फरक लॉस एंजेलिसला निघाला ३.२ पीपीएम, मुंबईला २.४. मुंबईच्या आकड्यातली अनिश्चितता होती १.२, म्हणजे आकड्याच्या निम्मी. त्यांनी ती लपवली नाही, ठळक लिहिली. आणि हे मुंबईचे टन आहेत असाही दावा केला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की शहराचा ठसा अवकाशातून दिसतो, आणि पुरेशा नोंदी जमल्या तर तो वाढतोय की कमी होतोय याचा माग काढता येईल.

मुंबईत वारा किती अवघड आहे हे मी स्वतः पोळून शिकलो. शाळेच्या भूगोलात आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे. काही वर्षांपूर्वी मी जानेवारीतल्या एका दिवसाचं गणित करत होतो. मॉडेलमध्ये हवेचे हजारो कण उपग्रहाच्या नोंदीच्या जागेवरून काळात मागे सोडायचे आणि ते कुठून कुठून फिरून आले हे पाहायचं, अशी ती पद्धत. माझे सगळे कण पूर्वेकडे, ठाणे-कल्याणच्या अंगाला गेले आणि उत्सर्जनाचा आकडा भलताच आला. दोन दिवस मी उपग्रहाच्या नोंदींना दोष देत बसलो. मग लक्षात आलं की वाऱ्याच्या फाइलमधली आठची वेळ ग्रीनिचची होती, म्हणजे आपली दुपारची दीड. मी तिला सकाळचे आठ समजून मुंबईला मतलई वारा लावला होता. वेळ दुरुस्त केल्यावर कण समुद्रावर गेले. तिथे काही तास रेंगाळले आणि त्यातले बरेचसे वळून पुन्हा मुंबईवरच आले, कारण आदल्या रात्री मतलई वाऱ्यानं शहराचीच हवा समुद्रावर नेऊन ठेवली होती. ‘समुद्रावरची स्वच्छ हवा’ म्हणून जी मी वजा करणार होतो, तिच्यात मुंबईचा कालचा धूर होता. त्या दिवसापासून कोणाचाही शहरी आकडा वाचला की मी आधी पाहतो, यांनी वजा करायची हवा कुठली घेतली.

आता तुमचा सगळ्यात जोरदार आक्षेप : मॉडेलला अंदाज आधीच दिला तर बाहेर तोच अंदाज येणार, मग मोजलं काय?

आधी अंदाज देतात हे खरं. तो बहुतेक वेळा इंधनाच्या आकडेवारीवरून आणि रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रहचित्रांवरून एक किलोमीटरच्या चौकटींत वाटलेला असतो. त्या अंदाजात किती चूक असू शकते हेही सांगावं लागतं, आणि मोजलेल्या पीपीएममध्ये किती चूक असू शकते तेही. मग गणित दोघांना तोलून उत्तर देतं. मोजमाप कच्चं असेल तर उत्तर अंदाजाच्या जवळच घुटमळतं, पक्कं असेल तर अंदाजापासून दूर ओढलं जातं. मोजमापाला वजन आहे का, हे तपासायचा सोपा मार्ग आहे. मुद्दाम दोन अगदी वेगळे अंदाज द्यायचे, एक दीडपट, एक निम्मा. दोन्हींतून उत्तर एकाच ठिकाणी येऊ लागलं तर हवा बोलतेय. दोन उत्तरं दोन अंदाजांना चिकटून राहिली तर हवेनं काहीच सांगितलेलं नाही, आणि प्रामाणिक माणसानं तसं लिहावं. काही प्रबंधांत ही कसोटी दिसत नाही. तिथे तुमचा संशय अगदी रास्त.

पण ही कसोटी नीट पार पडलेली एक जागा आहे, आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. अमेरिकेतलं इंडियानापोलिस. सपाट मैदान, डोंगर नाही, समुद्र नाही, चहूबाजूंनी मक्याची आणि सोयाबीनची शेतं. मुंबईच्या जे जे उलट ते सगळं. २०१० मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला, आणि त्यात शहराला तीन बाजूंनी धरलं. एक बाजू तुमची : केविन गर्नी यांच्या गटानं बिलं, गाड्यांची वर्दळ, इमारती, वीज केंद्राच्या नोंदी असं सगळं जोडून जवळजवळ इमारत-इमारतीगणिक उत्सर्जनाची वही तयार केली. दुसरी बाजू : शहराच्या आत आणि भोवती बारा मनोऱ्यांवर कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं, आणि त्यावर मागे चालणारं मॉडेल. तिसरी : विमान. वारा शहरात शिरतो त्या बाजूला आणि शहरातून बाहेर पडतो त्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर फेऱ्या मारायच्या. बाहेर पडणाऱ्या हवेत जे जास्त आलं ते शहराचं.

सुरुवातीला हे तिघं जुळेनात. चांगला पाचव्या हिश्श्याएवढा फरक. आणि मला वाटतं खरं काम तिथेच झालं, कारण तिघांपैकी कोणीही ‘आमचंच बरोबर’ म्हणून उठून गेलं नाही. एकेक गाठ सोडवत गेले. तिघांची शहराची हद्द वेगळी होती. तासही वेगळे, कारण विमान दुपारी उडतं आणि बिल महिन्याचं असतं. वजा करायची बाहेरची हवा वेगवेगळी घेतली होती. आणि हवेतल्या वाढीत नुसतं इंधनच नव्हतं, जिवंत गोष्टींचाही वाटा होता, अगदी हिवाळ्यातसुद्धा. हे सगळं एका मापाला आणल्यावर, २०१९ मध्ये जोसेलिन टर्नबुल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिवाळ्यातल्या महिन्यांसाठी तिन्ही आकडे सात टक्क्यांच्या आत येतात. सात टक्के हे मॉडेलचं यश म्हणून मी सांगत नाही. एक वही, बारा मनोरे आणि एक विमान, तिघांच्या चुका होण्याच्या वाटा पूर्ण वेगळ्या, तरी उत्तर एका जागी आलं, हे माझ्या मनावर ठसतं.

यात उपग्रह कुठे आला, असं तुम्ही विचाराल. बारा मनोरे आणि विमान जगातल्या प्रत्येक शहराला परवडणार नाहीत, म्हणून उपग्रह. पण मॉडेलची परीक्षा जमिनीवर झाली आहे, हे महत्त्वाचं. उपग्रहाचं काम रियाधसारख्या ठिकाणी आधी करून पाहिलं गेलं त्याचंही कारण हेच : भोवती वाळवंट, झाडं नाहीत, ढग क्वचित, शहराचा धूर एकटा सापडतो. सोपं गणित आधी, मग अवघड. मुंबई अवघड गणितांत येते.

आता काट्याकडे वळतो. तुम्ही कोळसा काट्यावर मोजलात याबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि काटा चुकतो असं मी म्हणत नाही. पण काटा कोळशाचं वजन सांगतो, कार्बनचं नाही. त्यात राख किती, ओलावा किती, कार्बन किती हे नमुन्यावरून ठरतं, आणि आपल्या कोळशातली राख तुम्हाला मी काय सांगणार. चीनच्या बाबतीत २०१५ मध्ये मोठी उलथापालथ झाली. तिथल्या खाणींतले हजारो नमुने तपासले तेव्हा टनामागचा कार्बन आंतरराष्ट्रीय तक्त्यात धरला होता त्यापेक्षा सरासरी ४० टक्के कमी निघाला, आणि देशाच्या २०१३ च्या उत्सर्जनाचा अंदाज सुमारे १४ टक्क्यांनी खाली आणावा लागला. दुसरीकडे त्याच काळात चीननं आपल्या कोळशाच्या वापराचे जुने सरकारी आकडे बरेच वर नेले. दोन्ही चुका वहीतल्याच. अमेरिकेत तर एकाच वीज केंद्राचे दोन सरकारी आकडे असतात, एक चिमणीत बसवलेल्या यंत्राचा, एक जळालेल्या कोळशाचा, आणि ते कित्येक ठिकाणी जुळत नाहीत.

हे झालं वीज केंद्राचं, जिथे निदान काटा आहे. शहराला काटाच नाही. ठाण्यात भरलेलं डिझेल दादरला जळतं की नाशिकच्या घाटात, हे पंपाच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. सोसायट्यांच्या आणि दुकानांच्या डिझेल जनरेटरचं, बेकऱ्यांतल्या लाकडाचं, रस्त्याच्या कडेला पेटवलेल्या कचऱ्याचं बिल कोण देतं? २०२१ मध्ये गर्नी यांच्याच गटानं अमेरिकेतल्या ४८ शहरांनी स्वतः जाहीर केलेले आकडे तपासले, तर शहरांनी सरासरी १८.३ टक्के कमी दाखवलं होतं. एखाद्या शहराचा आकडा निम्म्याहूनही कमी, तर दुसऱ्याचा उलट बराच जास्त. माझा अनुभव असा की लबाडीपेक्षा राहून गेलेल्या रकान्यांमुळे हे होतं. पण राहून गेलेला रकाना वही पुन्हा पुन्हा वाचून सापडत नाही. तुमच्याकडे वर्षअखेरीस कोळशाच्या ढिगाऱ्याचं मोजमाप करून वहीशी ताळा घ्यायचेच ना? वही बरोबर असूनही ढीग मोजावा लागतो. हवा मोजणं म्हणजे हा ढीग मोजणं आहे.

आता श्वासाचा मुद्दा, जो तुम्ही जाता जाता लिहिलात. माणूस दिवसाला अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं. गुणाकार केला तर वर्षाला ४५ लाख टन. महापालिकेच्या २०२२ मधल्या हवामान कृती आराखड्यात २०१९ सालचं मुंबईचं एकूण उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन धरलंय. म्हणजे नुसता श्वास त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढा! तापमानवाढीत त्याचा दोष नाही, कारण तो कार्बन म्हणजे काल-परवा शेतात वाढलेला तांदूळ-गहू, तिथल्या हवेतूनच घेतलेला. पण शेत पंजाबात आणि श्वास परळमध्ये, त्यामुळे मुंबईवरच्या हवेत तो दिसणारच. उपग्रहाला डिझेलचा रेणू आणि श्वासाचा रेणू वेगळा ओळखता येत नाही. कमी लोकवस्तीच्या अमेरिकन शहरांसाठी घडवलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावली तर मुंबईवर न केलेला गुन्हा लागेल. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

त्यावर उपाय आहे, पण तो जमिनीवर. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यामुळे त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेलाच नसतो. अन्नात तो ताजा असतो. काचेच्या बाटलीत शहराची हवा भरून प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजला, की वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला इंधनाचा वाटा वेगळा काढता येतो. इंडियानापोलिसच्या मनोऱ्यांवर अशाच बाटल्या भरत होते.

आणि उपग्रहाला जे दिसूच शकत नाही तेही सांगतो. त्याला रात्र दिसत नाही. जून ते सप्टेंबर मुंबई दिसत नाही. ओसीओ-२ ची पट्टी अवघी दहा किलोमीटर रुंद, त्यामुळे पुष्कळ शहरं दोन पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतच राहतात. २०१९ मध्ये अवकाश स्थानकावर बसवलेला ओसीओ-३ मान वळवून साधारण ऐंशी किलोमीटर लांबी-रुंदीचा भाग दोनेक मिनिटांत टिपतो, तेवढी सुधारणा. पण कुठलाही उपग्रह आला तरी एक गोष्ट त्याला कधीच कळणार नाही. मुंबईच्या आराखड्यात उत्सर्जनाचा ७० टक्क्यांहून मोठा भाग वीज आणि ऊर्जेचा आहे, आणि त्या विजेतली बरीचशी ज्या चिमण्यांतून येते त्या शहराबाहेर आहेत. अंधेरीत एसी लागतो आणि चंद्रपुरात कोळसा जळतो. हवेच्या हिशोबात ते चंद्रपूरच्या नावावर पडणार. ते अंधेरीच्या नावावर आणायला बिलंच लागतात. म्हणून बेरीज बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

राहिली दमदाटीची भीती. ती मी हसण्यावारी नेत नाही. पण मला उपाय उलटा दिसतो. ओसीओ-२ आणि इबुकीच्या नोंदी कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, सोलापूरच्या कॉलेजातल्या पोरालाही. अमेरिकन शहरांच्या चुका बाहेर काढल्या त्या अमेरिकेतल्याच माणसांनी, कारण त्यांच्याकडे स्वतःची मोजणी होती. गोव्यात काबो द रामच्या कड्यावर १९९३ पासून हवेच्या बाटल्या भरल्या जात, आणि त्या तपासायला ऑस्ट्रेलियाला पाठवल्या जात. त्या नोंदींत ऋतू स्पष्ट दिसतो : पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा, हिवाळ्यात जमिनीवरची कार्बनने जड झालेली. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सिंहगडावर अशाच नोंदी सुरू केल्या. गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल! मुंबई-पुण्याच्या भोवती अशी आठ-दहा ठिकाणं उभी राहिली, कार्बन-१४ इथेच नियमित मोजला गेला, तर बाहेरच्या कोणी मुंबईचा आकडा फुगवून सांगितल्यावर आपण तो आपल्या मोजणीनं खोडून काढू शकू. श्वासाचे ४५ लाख टन आपण वजा केले नाहीत तर आपल्यासाठी दुसरं कोण करणार?

आता माझी एक विनंती. तुमच्या केंद्रात येणाऱ्या कोळशाचा ओलावा आणि राख किती दिवसांनी तपासत, नमुना वाघिणीतून घेत की पट्ट्यावरून, आणि पावसाळ्यात भिजलेल्या ढिगाचा ताळा कसा घेत? आपल्याकडच्या वीज केंद्रांच्या धुराच्या रेषा ओसीओ-२ च्या नोंदींत शोधायचं काम मी सध्या करतोय, आणि वहीतल्या आकड्याला किती टक्के चूक धरायची इथे माझं अडलंय. कागदावर मिळणाऱ्या माहितीपेक्षा तुमच्यासारख्यांनी हातानं केलेल्या कामाची माहिती मला जास्त उपयोगाची आहे. इथे लिहिलंत तर उत्तम, नाहीतर संपर्काच्या रकान्यातून कळवा, मी फोन करेन.